शालनकाकूंचा पेन ड्राइव्ह

शाळेतून घरी आले तर आमच्या कॉम्प्युटरसमोर माझ्या सासूबाई आणि त्यांच्या भजनी मंडळातल्या शालनकाकू, नलूताई अशा तिघी खुर्च्या ओढून बसलेल्या. कॉम्प्युटर बंद होता. पण पेन ड्राइव्ह लावायच्या भोकांवर मी लावलेली चिकटपट्टी एका कोपऱ्यात उचकटलेली दिसत होती.

"कुणी काय लावलंय का ह्याला?" मी पर्ससुद्धा खाली न ठेवता विचारलं.

"लावणार होते," सासूबाई म्हणाल्या. "पण म्हटलं, तू आल्यावर आमची बिनपाण्यानं करशील. म्हणून थांबलो."

तेव्हाच मला कळलं की आज संध्याकाळी पाठ टेकायला मिळणार नाही. मार्च महिना, दिवसभर नववीची प्रात्यक्षिकं घेऊन पाय भरून आलेले, आणि घशात खडूची धूळ. मी हायस्कूलला कॉम्प्युटर शिकवते. शिकवते म्हणायचं आपलं, खरं तर दिवसभर व्हायरस काढते. पोरं घरून पेन ड्राइव्ह आणतात, त्यात गाणी, सिनेमे आणि जगातली सगळी घाण. ती काढून काढून घरी यावं तर घरीही तेच. मिक्सर बिघडला तर घरातलं कुणीही दुकानात नेतं, पण कॉम्प्युटर जरा कण्हला की सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळतात. त्या संध्याकाळीही तीन माना वळलेल्या होत्या.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. आम्ही तेव्हा कऱ्हाडला विद्यानगरच्या बाजूला राहायचो. कॉम्प्युटर घरचा असला तरी पोट त्याच्यावर होतं. माझे यजमान, शिरीष, विम्याची कामं करायचे आणि त्यांच्या सगळ्या ग्राहकांचे कागद, हप्त्यांच्या तारखा, फोन नंबर त्यातच होते. जानेवारीत त्यांचा एक मित्र फोटो दाखवायला म्हणून पेन ड्राइव्ह घेऊन आला आणि आमच्या मशीनला असा रोग लावून गेला की शेवटी सगळं पुसून नव्यानं विंडोज घालावं लागलं. अर्धेअधिक कागद गेले. शिरीष ग्राहकांच्या दारोदार फिरून तारखा पुन्हा विचारत होते, आणि मी शाळेतून आल्यावर त्या टाइप करत होते. ते संपल्यावर मी घरात कायदा केला. प्रत्येकाचं खातं वेगळं, मुख्य पासवर्ड फक्त माझ्याकडं, आणि बाहेरचा पेन ड्राइव्ह ह्या घरात चालणार नाही. वर चिकटपट्टी लावली. सासूबाईंनी मंडळात सांगून टाकलं की आमच्याकडं सून नाही, पोलीस चौकी आहे.

"आत्या, काय आणलंय?" मी विचारलं. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे.

आत्यांनी नलूताईंकडं बघितलं. नलूताईंनी कमरेची पिशवी सोडून त्यातून एक लाल पेन ड्राइव्ह काढला आणि तळहातावर धरला. शालनकाकू त्या तळहाताकडं बघत बसल्या होत्या.

शालनकाकूंना आमच्या कॉलनीत न ओळखणारं कुणी नव्हतं. मंडळाचं भजन त्यांच्यावर चालायचं. कुणाच्याही घरचं लग्न असो, अंतरपाटाशेजारी काकू उभ्या राहायच्या आणि स्वतः रचलेल्या मंगलाष्टका म्हणायच्या. नवऱ्या मुलीचं नाव, तिच्या आजोळचं नाव, सगळं चालीत बसवून. मांडवात जेवणाची घाई करणारी माणसंसुद्धा गप्प व्हायची. आणि त्याच बाईंच्या घशात गाठ निघाली. जन्मभर मशेरी लावली, त्याचं हे फळ, असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या. दिवाळीनंतर मिरजेला ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. आता गळ्याला खाली एक भोक होतं, त्यातून त्या श्वास घ्यायच्या, आणि त्यावर पदर ओढून बसायच्या. आवाज म्हणून काही उरला नव्हता. घरात कुणाला बोलवायचं तर चमच्यानं ताट वाजवायच्या.

येत्या रविवारी त्यांच्या मुलीचं, अपर्णाचं लग्न होतं. एकुलती एक मुलगी, वडील लहानपणीच गेलेले.

मग सगळी कहाणी बाहेर आली. ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर काकूंनी काय केलं होतं, तर अपर्णाच्या लग्नाच्या मंगलाष्टका आधीच रचल्या आणि नलूताईंच्या मोबाइलवर म्हणून ठेवल्या. तेव्हा अपर्णाचं कुठं ठरलंही नव्हतं. म्हणून त्यात जावयाचं नाव नाही, त्याच्या गावाचं नाव नाही. अपर्णाला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. ऐन मांडवात लावायचं, असं ह्या तिघींनी ठरवलं होतं. नलूताईंच्या मुलानं ते सगळं मोबाइलवरून पेन ड्राइव्हवर घेतलं, आणि पुढं नलूताईंनी तो मोबाइल देऊन नवा घेतला.

"मग दुसरीकडं कुठं काढून ठेवलं नाही का?" मी विचारलं.

नाही ठेवलं. उलट काय केलं, तर तो एकुलता एक पेन ड्राइव्ह संक्रांतीच्या वाणासारखा मंडळात घरोघर फिरवला. मंगलाष्टकांच्या मधे बायकांनी साथ धरायची होती, म्हणून प्रत्येकीनं ऐकून चाल बसवायची. हिच्या घरी नातवाच्या खेळांचा कॉम्प्युटर, तिच्या घरी दिराच्या सिनेमांचा. सगळीकडं जेवून आला बिचारा. फक्त आमच्या घरी आला नव्हता, माझ्या कायद्यामुळं. आणि कालपासून तो कुठंही लावला तरी आत नुसते बाण काढलेले छोटे छोटे कागद दिसत होते, उघडलं की काहीच होत नव्हतं. सकाळी नलूताई आत्यांना घेऊन चौकातल्या दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, खराब झालाय, फॉरमॅट मारावा लागेल, आतलं काही राहणार नाही.

"मी हो म्हणणारच होते," नलूताई खाली बघत म्हणाल्या. "पेन ड्राइव्ह तरी वाचेल म्हटलं. ह्या इंदूताईंनी हातातून हिसकावून घेतला." त्यांनी आत्यांकडं बोट केलं.

"आमच्या हेमाला दाखवल्याशिवाय काही पुसायचं नाही, असं म्हटलं मी," आत्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडं न बघता पदराचं टोक सारखं करू लागल्या.

मी सांगितलं की बघते, पण हमी देत नाही. खरं तर मला काय झालं असेल त्याचा अंदाज आला होता. शाळेत असले पेन ड्राइव्ह मी रोज बघत होते. पण काकूंच्या तोंडाकडं बघून अंदाज सांगायची हिंमत होईना. चुकला असता तर?

तेवढ्यात शिरीष आले. चहा टाकायला म्हणून मी आत गेले, तर ते मागोमाग आले आणि हळू आवाजात म्हणाले, मार्चअखेर आहे, सगळे हप्ते ह्याच आठवड्यात भरायचेत, तो पेन ड्राइव्ह आपल्या मशीनला लावायचा नाही. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. ते म्हणाले, नियम तूच केलास. मी म्हटलं, हो, मीच केला. मी चहात साखर टाकली. जानेवारीचे ते दिवस आम्हा दोघांनाही आठवत होते. मला इतका थकवा आला होता की वाटलं, काकूंना सांगावं, उद्या शाळेत नेऊन बघते. पण शाळेतली सगळी मशीनं पोरांनी आधीच आजारी पाडलेली. तिथं लावला असता तर उरलंसुरलंही गेलं असतं.

"आधी तुमचं सगळं डीव्हीडीवर काढून घेते," मी म्हणाले. "मग लावते. मशीन बिघडलं तर बिघडलं, तुमचा एक कागद जाणार नाही."

"आणि मशीन पुन्हा उभं कोण करणार?"

"आहे की मी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, कपबशा उचलल्या आणि बाहेर नेऊन ठेवल्या. तीच त्यांची परवानगी.

मग ते सगळं रखडत रखडत सुरू झालं. आधी शिरीषच्या फाइली डीव्हीडीवर घेतल्या, आणि डीव्हीडी काढून त्यांच्याच हातात दिली. नंतर अँटिव्हायरस उघडला तर त्याची मुदत संपलेली. रोज सकाळी तो बिचारा सांगत होता, आणि शिरीष रोज "नंतर आठवण करा" वर टिचकी मारून कामाला लागत होते. मी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, मला वाटलं जाहिरात आहे. मग नव्यानं नोंदणी करून त्याला ताजं करायला बसवलं. नेट गोगलगायीच्या चालीनं चालायचं तेव्हा. पडद्यावरची हिरवी पट्टी इंच इंच पुढं सरकत होती आणि आम्ही पाच माणसं तिच्याकडं डोळे लावून बसलो होतो. अर्ध्यात लाईट गेली. आली तेव्हा पट्टी पुन्हा पहिल्यापासून.

नलूताईंचा धीर सुटला. त्या म्हणाल्या, एवढं कशाला, लाव की सरळ, बघू तरी काय दिसतंय. मी म्हणाले, नलूताई, ह्या घाईपायीच तर सगळ्यांच्या घरी रोगराई झाली. मशीन आधी सावध पाहिजे, मग पाहुणा आत. त्यावर त्यांनी दुसरी वाट काढली. शब्द तर त्यांच्याकडं लिहिलेले होतेच, मग नाहीच मिळालं काही तर त्या स्वतः म्हणतील मांडवात, चाल पाठ आहे. चांगल्या मनानंच म्हणाल्या. काकूंनी मान हलवली. नाही. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि ते बोट दाराकडं, रस्त्याकडं नेलं, जिकडं अपर्णा टेलरकडं गेली होती. ती येताना आईला इथून घेऊन जाणार होती. काकूंना काय म्हणायचंय ते सांगायला कुणाची गरज नव्हती. शब्द कुणीही म्हणेल. लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना कानावर आईचा आवाज पडायला हवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. नलूताईंनी डोळ्याला पदर लावला.

पट्टी भरली एकदाची. मी पहिलं मशीन तपासून घेतलं, ते स्वच्छ निघालं. मग साधं खातं उघडलं, ज्यातून मशीनच्या पोटात काही बदल करता येत नाहीत. चिकटपट्टी पूर्ण काढली. शिफ्टचं बटण दाबून धरलं, म्हणजे पेन ड्राइव्ह लागल्या लागल्या त्यातलं काही आपणहून सुरू होत नाही, आणि लावला.

लगेच पडद्यावर लाल खिडकी आली. मग दुसरी, मग तिसरी. शिरीष डीव्हीडी छातीशी धरून उभे राहिले. मी म्हटलं, घाबरू नका, त्यानं पकडलंय, म्हणून ओरडतोय. एकेक करून तो सगळी घाण काढत गेला. ते बाण काढलेले कागदही गेले. काढून झालं आणि मी पेन ड्राइव्ह उघडला.

आत काहीही नव्हतं. पांढरी मोकळी खिडकी.

"गेलं?" आत्यांनी विचारलं.

काकूंच्या गळ्याच्या भोकातून श्वासाचा आवाज येत होता, तेवढाच खोलीत होता. मी पेन ड्राइव्हची माहिती उघडली. त्यात एक गोल चित्र असतं, किती जागा भरलेली आणि किती रिकामी ते दाखवणारं. गोल जवळजवळ निम्मं निळं होतं.

"हे बघा काकू," मी म्हणाले, "दिसत काही नाही, पण जागा भरलेली आहे. म्हणजे सामान घरातच आहे. हा रोग सामान नेत नाही, नुसतं लपवून ठेवतो. दुकानदारानं घरच पाडायला काढलं होतं."

काकूंनी माझं मनगट धरलं. मग सोडलं, मला टाइप करता यावं म्हणून.

काळी खिडकी उघडली आणि लपवलेलं सगळं उघडं करायची ती एक ओळ लिहिली. शाळेत हजारदा लिहिलेली, पण त्या दिवशी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा ती बरोबर गेली, पडदा क्षणभर थबकला, आणि पांढऱ्या खिडकीत एक पिवळं फोल्डर येऊन बसलं. त्याचं नाव होतं 'शालन'.

नलूताईंनी हात जोडले. आत्या मला म्हणाल्या, "लाव. मोठ्यानं लाव." मी स्पीकर पुढं ओढले, आवाज पूर्ण केला आणि 'शेवटचं' असं नाव दिलेली फाइल लावली.

आम्ही सगळ्यांनी तो आवाज किती महिन्यांनी ऐकला. भरदार, थोडा जाड, शब्दाच्या शेवटी किंचित वर जाणारा. कुलदैवत आलं, अपर्णाचं नाव आलं, वडिलांची आठवण आली आणि त्या ठिकाणीसुद्धा सूर हलला नाही. आत्या सरळ रडायला लागल्या. शिरीष खिडकीकडं तोंड करून उभे. काकू मात्र रडल्या नाहीत. त्या मान वाकडी करून ऐकत होत्या, मांडीवर बोटानं ताल धरून, आणि तिसऱ्या कडव्याला त्यांनी तोंड वाकडं करून हात वर नेला, की इथं पट्टी चढली. दुसऱ्याचं गाणं ऐकल्यासारखं ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला वाटलं, सुटले आता. पडावं जाऊन.

पण काम अर्धवट ठेवायची सवय नाही. ती फाइल मशीनवर घेतली, दोन वेगळ्या डीव्हीडींवर काढली, एक काकूंना, एक नलूताईंना. लाल पेन ड्राइव्ह मांडवात न्यायचा नाही, असं बजावलं. फोल्डरमधे आणखी बऱ्याच फाइली होत्या, नुसत्या आकड्यांच्या. नलूताई म्हणाल्या, त्या सगळ्या चुकलेल्या. मधेच खोकला आला, कुणी दार वाजवलं, की काकू थांबायच्या आणि पहिल्यापासून घ्यायच्या. "त्या काढून टाक बाई. मांडवात मंडपवाल्याकडून चुकून भलतीच लागायची, शोभा व्हायची." काकूंनीही मान डोलावली, हातानं पुसून टाक अशी खूण केली.

मी सगळ्या निवडल्या, काढायचं बटण दाबलं. मशीननं विचारलं, खरंच काढायच्या का. मी बोट थांबवलं. न बघता काही पुसायचं नाही, हे मीच पोरांना शिकवते. म्हटलं, एक लावून बघते, काय आहे ते. सहज म्हणून त्यातली मधली एक लावली. स्पीकरचा आवाज मघाचाच, पूर्ण होता.

मंगलाष्टकाचं पहिलंच कडवं सुरू होतं. मागं कुकरची शिट्टी झाली, लगेच दुसरी. सूर तुटला, आणि काकूंचा आवाज, गाण्यातला नव्हे, रोजचा, चिडका, आमच्या घरात दणाणला.

"अपे! ए अपे! कुकर बंद कर गं, कुठं तडमडलीस? अपे!"

"आले गं आई!"

हे स्पीकरमधून नव्हतं आलं. आमच्या फाटकातून आलं होतं. गाडी लावल्याचा आवाज झाला, आणि अपर्णा हातात ब्लाउजची पिशवी घेऊन धावत पायरीवर आली. एक चप्पल काढली होती, दुसरी पायातच. उंबऱ्यात येऊन ती थांबली. आईकडं बघितलं. आई गप्प बसलेली, गळ्यावर पदर. स्पीकरमधून अजून चालूच होतं, "नले, बंद कर ते, ह्या पोरीला दहा हाका मारल्याशिवाय ऐकू येत नाही," आणि नलूताईंचं हसू, आणि मग खट्ट करून संपलं.

लग्नापर्यंत लपवायचं म्हणून जे ठरलं होतं ते कुणाला आठवलंसुद्धा नाही. पडद्यावरची खिडकी अजून विचारत होती, खरंच काढायच्या का. काकू उठल्या. त्यांनी माझा हात माउसवरून उचलला आणि बाजूला ठेवला.

अपर्णा तशीच, एका पायात चप्पल घेऊन आत आली आणि आईच्या पायाशी फरशीवर बसली.

"आई," ती म्हणाली, "परत हाक मार की."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी ती फाइल पुन्हा लावली.